गाडीच्या कार्पेटला अंघोळ घालू नका!

पावसाळा लागला की भोसरीपासून चाकणपर्यंत एक तक्रार हमखास कानावर येते : ‘आतून मस्त जेट मारून, शाम्पू करून घेतला, तरी कुबट वास जात नाही!’ अहो, जाईल कसा? तो त्या जेटनेच आणलाय. जितकं जास्त पाणी तितकी जास्त स्वच्छता, ही समजूत इतकी पक्की आहे की वॉशिंग सेंटरवाल्याने पाणी बेताने वापरलं तर गिऱ्हाइकालाच फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

पायाखाली दिसतो तो कार्पेटचा फक्त वरचा, पातळ थर. त्याच्याखाली आवाज अडवणारी फेल्टची किंवा फोमची जाड गादी असते आणि तिच्याखाली पत्रा. वरचा थर लवकर वाळतो, हाताला कोरडा लागतो; गादीत शिरलेलं पाणी मात्र वर कार्पेट, खाली पत्रा अशा कोंडीत कित्येक दिवस मुरत राहतं. शाम्पूने सुटलेला मळ, सांडलेला चहा, मुलांचं दूध सगळं त्याच्याबरोबर खाली उतरतं. जिवाणू-बुरशीला आणखी काय हवं? भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही, असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. आपण मात्र काचा लावून गाडी पार्किंगमध्ये ठेवतो आणि आरशाला परफ्यूम टांगतो!

खात्री करायची असेल तर मॅट काढा, टिश्यू पेपरची जाड घडी कार्पेटवर ठेवून टाचेने दाबा. घडी ओली झाली तर गादीत पाणी आहे. सीटखालून एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर जातात. तिथे पाणी गेलं तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक भर : सेफ्टी शूजबरोबर गाडीत येणारं मशीनचं कूलंट आणि लोखंडाचा चुरा. सुट्टीनंतर मशीन सुरू करताना टाकीतून येणारा सडक्या अंड्यांचा भपकारा सीएनसी ऑपरेटरला चांगला ठाऊक असतो. साचून राहिलेल्या कूलंटमधले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा तो वास. असं कूलंट कार्पेटमध्ये मुरलं की गाडीही कुजकट वास मारू लागते. लोखंडाच्या चुऱ्यावर पाणी पडलं की गंज आलाच. तांबूस ठिपके शाम्पूने घासून जात नाहीत ते त्यामुळेच.

मग करायचं काय? आधी पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवून चुरा उचला, मग कोरडा व्हॅक्यूम. थोड्याच फेसाने ब्रश करा आणि वेट व्हॅक्यूमने लगेच पाणी ओढून घ्या. साध्या पाण्याचा हलका फवारा मारून पुन्हा ओढा. मग दारं उघडून पंखा लावा. गादीच भिजली असेल तर सीट सोडवून कार्पेट बाहेर काढण्याला पर्याय नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाका : फसफस छान दिसते, पण दोघं एकमेकांचा प्रभाव घालवतात. आंबट वासावर नुसता कोरडा सोडा बरा.

गरम पाण्याने दुधाचा डाग जातो : उलट प्रथिनं गोठून तो पक्का बसतो. आधी गार पाणी.

ग्रीस पेट्रोलने पुसा : बंद गाडीत पेट्रोलची वाफ आणि एक ठिणगी! नकोच.

डांबराच्या गोळ्या ठेवा : वास फक्त झाकला जातो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलीनला संभाव्य कर्करोगकारकांत धरलंय.

सेव्हन-डी मॅट टाकली, आता चिंता नाही : ओल आधीच असेल तर ही मॅट तिच्यावर झाकण घालते.

ओल पावसाचीच असणार : बाहेर ऊन असताना पुढच्या सीटपाशी कार्पेट ओलं लागलं तर एसीची पाणी जाणारी नळी तुंबलेली नाही ना, ते पाहा. ती साफ केल्याशिवाय कार्पेट धुणं म्हणजे पैसे पाण्यात.

पुढच्या वेळी वॉशिंग सेंटरमध्ये ‘फोम किती मारता?’ हे विचारू नका. ‘पाणी ओढायचं मशीन आहे का?’ एवढंच विचारा. नसेल, तर गाडी फक्त बाहेरून धुऊन घ्या.