पन्नासचा घ्यावा की चोवीसचा?

पाडव्याला थोरल्या काकांनी, म्हणजे आबांनी, ट्रॅक्टर दारात आणला. ४९ एचपीचा. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, काकूंनी ओवाळलं, पेढे वाटले, वस्तीवरची पोरं आळीपाळीने सीटवर बसून गेली. आठच दिवसांनी तोच ट्रॅक्टर द्राक्षबागेच्या दुसऱ्या ओळीत अडकला. कागदावर ओळ नऊ फुटांची, पण वाय आकाराच्या अँगलवर दोन्हीकडून काड्या पसरल्या की मधली वाट सहा फूटही उरत नाही. डावं मडगार्ड तारेत गुंतलं, उभा सायलेन्सर ओलांड्यात घुसला. चुलतभाऊ मागून ओरडला, "आबा, आहे तिथंच बंद करा!" मग दोन माणसांनी कात्री घेऊन अर्धा तास तो ट्रॅक्टर सोडवला. आबा त्या दिवशी जेवायला उशिरा आले आणि कोणाशी बोलले नाहीत.

निफाड तालुक्यातलं आमचं हे रान पाच एकरांचं. दोन एकर द्राक्षं, तीन एकरांत सोयाबीन आणि मागून कांदा किंवा गहू. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्या मानाने पाच एकरवाला बरा म्हणायचा. तरी ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीचा घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी वर्षभरात कोणतं काम किती वेळा करायचं, ते बसून मांडायचं.

मुळात बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. गिअर, हायड्रोलिक, घर्षण यांचा वाटा वजा होऊन अवजार फिरवणाऱ्या मागच्या पीटीओ शाफ्टवर साधारण ८५ टक्के शक्ती उरते. ४५ च्या ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटरच्या वाट्याला येतात ३८ च्या आसपास. नांगर ओढताना तर चाक मातीत घसरतं, त्यात आणखी जातात. हे सगळं मोजून ठेवणारी सरकारी जागा आहे, मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुदनी इथली ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था. पीटीओवर प्रत्यक्ष किती एचपी मिळाले, तासाला डिझेल किती लागलं, ओढ किती किलोची भरली, हे तिच्या अहवालात मॉडेलनिहाय छापलेलं असतं. शोरूममध्ये चहा येईपर्यंत तो अहवाल मागून पाहावा. सेल्समन आधी गोंधळतो, मग तुमच्याशी जरा जपून बोलू लागतो.

आता एक एकर डोळ्यांसमोर घ्या. लांबी ३३० फूट, रुंदी १३२ फूट, चाळीस गुंठे चोख. साधारण ३५ ते ४० एचपीला पाच फुटी रोटाव्हेटर चालतो, ४५ ते ५० ला सहा फुटी. भारी काळ्या रानात यात एक पायरी वर जावं लागतं, तो भाग वेगळा. प्रत्येक फेरीला अर्धा फूट मागच्या फेरीवर चढवायचा, म्हणजे पाच फुटी अवजार खरं साडेचार फूट काम करतं आणि सहा फुटी साडेपाच. पहिल्याला तीस फेऱ्या, दुसऱ्याला चोवीस. ताशी तीन किलोमीटरच्या चालीने १०० मीटरची फेरी दोन मिनिटांची, वळायला अर्धं मिनिट. पहिला एकर उरकतो ७५ मिनिटांत, दुसरा ६० मिनिटांत. दहा एचपी जास्त घेऊन पंधरा मिनिटं हाती लागतात. पाच एकरवाल्याला एका मशागतीमागे सव्वा तास. तेवढ्यासाठी लाखभर रुपये वर मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. शेत लांबट असेल तर फरक असाच राहतो. तुकडा आखूड आणि वाकडा असेल तर वळणातच जास्त वेळ जातो आणि मोठ्या ट्रॅक्टरला वळायला बांधापाशी जागाही जास्त लागते.

भाड्याने काम करणाऱ्याचं गणित मात्र याच पंधरा मिनिटांवर उभं असतं. आठ तासांत त्याचे जेमतेम साडेसहाऐवजी आठ एकर होतात. आणि पावसाळ्यात त्याला मोजके दिवस मिळतात. मृगाच्या सरी पडल्या, वाफसा आला, की सगळ्या गावाला एकदमच घात साधायची असते. चार दिवस उशीर झाला की जमीन आवळते, ढेकळं निघतात, नाहीतर पुन्हा पाऊस येऊन चिखल होतो. जो वीस शेतकऱ्यांचं रान करतो त्याने मोठाच ट्रॅक्टर घ्यावा. ज्याचं रान स्वतःपुरतं आहे त्याने त्याच्याकडे पाहून घेऊ नये. आबांची चूक इथेच झाली. गावातला सगळ्यात चांगला ट्रॅक्टर भाडेवाल्याकडे होता, म्हणून तसाच त्यांनाही हवा होता.

वजनाकडे तर कोणी बघतच नाही. इंजिनात ताकद कितीही असो, ओढ लागते ती टायर जमिनीला चिकटला तरच, आणि टायर चिकटतो वजनामुळे. पलटी नांगराला म्हणूनच दोन टनांचं धूड लागतं. टनाच्या आतबाहेरचा छोटा ट्रॅक्टर तिथे जागेवर चाकं फिरवत बसेल, नाहीतर पुढची चाकं उचलेल. पण हेच वजन ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत नडतं. रात्री पाऊस झाला की सकाळी डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणीला जावंच लागतं, रान ओलं असलं तरी. दोन टनांचा ट्रॅक्टर अशा मातीत एकाच वाटेने दहा वेळा गेला की चाकोरीखालची माती विटेसारखी घट्ट होते आणि पांढरी मुळी तिथे फिरकत नाही. चारही चाकांना जोर असलेला चोवीस एचपीचा हलका ट्रॅक्टर तिथून निघून जातो. ब्लोअरला तेवढी ताकद पुरते. फक्त ६०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच सहाशे किलो, हे विसरू नये. लिफ्टची क्षमता आणि पुढे लावायची वजनं याच हिशेबाने बघायची.

ट्रॉलीबद्दलही दोन शब्द. लहान ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली सपाट रस्त्यावर ओढून दाखवतो, आणि घेणारा खूश होतो. उतारावर मात्र मागची ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलू लागते. ब्रेक लागतात ते ट्रॅक्टरच्या चाकांना, ट्रॉलीला बहुधा नसतातच. मुख्य काम वाहतुकीचं असेल, ऊस कारखान्यावर न्यायचा असेल, तर एचपीपेक्षा जड बांध्याचा ट्रॅक्टर बघावा आणि तिथे कंजुषी करू नये.

बाकी ठिकाणची गोष्ट थोडक्यात. कोकणातल्या खाचरांत चिखलणीला पॉवर टिलरच बरा. बांधावरून उतरवता येत नाही तो ट्रॅक्टर काय कामाचा? उसाच्या पट्ट्यात बाळभरणी करायची तर सरीत मावेल असाच लहान ट्रॅक्टर हवा. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरणारे ३५ ते ४५ च्या खाली सहसा जात नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

बाजारात इतके ट्रॅक्टर ४८-४९-५० वरच का येऊन थांबतात, याचं एक कारण शेताबाहेरचं आहे. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक निकष लागू झाले. ते पाळायला इंजिनात महागडी इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली, किंमत चढली. त्या रेषेच्या अलीकडे राहिलं की जुनं, साधं, गावच्या मेकॅनिकला उघडता येणारं इंजिन मिळतं. रेषेच्या अलीकडचा म्हणून ४९ चा स्वस्त वाटतो, पण आपल्या रानाला तो हवाच असतो असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हाही गावोगाव लोकांनी वाचलेल्या पैशांत एक पायरी वरचा ट्रॅक्टर उचलला. वाचलेल्या पैशांतून अवजारं घेतलेली मी फार कमी पाहिली.

आमच्या घरी एका संध्याकाळी चुलतभावाने वहीत तास मांडले. तीन एकर उघड्या रानाची नांगरट, दोनदा रोटर, पेरणी, दोन्ही हंगाम धरून वर्षाचे पन्नास तासही भरेनात. बागेतल्या फवारण्या आणि आंतरमशागत मात्र दोनशेच्या पुढे गेली. शेती-अभियांत्रिकीची पुस्तकं ट्रॅक्टरला वर्षाला हजार तास धरतात. आबा चष्मा लावून वही बघत राहिले. "म्हणजे नांगरटीच्या सहा तासांसाठी आपण एवढा मोठा घेतला व्हय?" पुढे कोणी काही बोललं नाही.

दिवाळीनंतर तो ट्रॅक्टर शेजारच्या गावातल्या एका भाडेवाल्याने घेतला. दर उन्हाळ्यात तोच आमच्या रानात नांगरटीला येतो, आणि आबा बांधावर उभे राहून ड्रायव्हरला कुठल्या गिअरला जोर येतो ते सांगतात.

नवा घ्यायला चुलतभाऊ निघाला तेव्हा त्याच्या हातात बांबूची काठी होती. आदल्या दिवशी बागेतली सगळ्यात अरुंद ओळ शोधून, दोन्हीकडे वीतभर सोडून त्याने ती कापली होती. शोरूममध्ये रांगेत चकचकीत ट्रॅक्टर उभे होते. माहितीपत्रक पुढे आलं, ते त्याने खिशात घातलं आणि पहिल्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन काठी एका टायरपासून दुसऱ्या टायरपर्यंत आडवी धरली. काठी चार बोटं आखूड पडली. सेल्समन हसून म्हणाला, "भाऊ, चार बोटांनी काय होतंय?" चुलतभाऊ पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला होता.