मुखपृष्ठाचा डावा कोपरा

अंक घडताना : लेखांक ६

संगीताच्या मासिकाची मूळ अडचण अशी की, ज्याच्याविषयी ते निघतं ते कागदावर वाजत नाही. पाककृतींच्या अंकात निदान फोटो बघून तोंडाला पाणी तरी सुटतं; गिटार कितीही देखणी छापली तरी ती मुकीच. त्यामुळे आत कोणत्या जातीचं संगीत आहे हे मांडणीलाच सांगावं लागतं, आणि तेही स्टॉलवरून नुसती नजर टाकून पुढे निघालेल्या माणसाला. कागद आणि आकार मागच्या लेखांकात झाले. आज मुखपृष्ठ आणि आतली पानं, ब्रिटन-अमेरिकेतल्या संगीत-मासिकांच्या आधाराने.

मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘क्यू’ हे मासिक काढलं. लाल चौकोनात पांढरं एकच अक्षर, वर डाव्या कोपऱ्यात. ही जागा मोक्याची का, ते तिथलं दुकान पाहिलं की कळतं. मासिकं फळीवर एकावर एक सरकवून उभी केलेली असतात. पूर्ण मुखपृष्ठ थोड्यांचंच दिसतं, बाकीच्यांची वरची पट्टी आणि डावी कड तेवढी उघडी राहते. म्हणून नाव वर आणि वजनदार कलाकारांची नावं डावीकडे. बारकोड खाली कुठेतरी, नजरेच्या वाटेत येणार नाही असा. ही सरळसरळ दुकानदारी आहे, आणि तसं म्हणण्यात काही कमीपणा नाही. आपल्याकडे मात्र अंक दोरीला चिमट्याने लटकतात किंवा बाकावर पसरलेले असतात. तेव्हा परदेशी नियम उचलण्याआधी आपला अंक कुठे आणि कसा ठेवला जाणार, ते पाहून यावं.

‘केरँग!’ १९८१ मध्ये ‘साउंड्स’ या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून सुरू झालं. विषय हेवी मेटल. त्याच्या नावाची अक्षरं तडकलेल्या काचेसारखी. ती पाहून आत भावगीतं असतील असं कुणालाही वाटणार नाही. अक्षराने आवाज सांगायचा तो असा. नवशिके इथेच घसरतात. नाव एका वळणाचं, मथळे दुसऱ्या, मुलाखतीचं शीर्षक तिसऱ्याच. संगणकात फॉन्ट फुकट मिळतात म्हणून ते सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही. दोन घराण्यांची अक्षरं पुष्कळ झाली.

आता चेहरा. एकच कलाकार, नजर थेट वाचकाकडे, आणि डोकं मासिकाच्या नावावर थोडं चढलेलं, हा रिवाज जगभर दिसतो. त्यातली मेख अशी की अर्धं झाकलेलं नाव वाचकाला तरीही ओळखता आलं पाहिजे. ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा. सॅन फ्रान्सिस्कोतून जॅन वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी काढलेला, मुखपृष्ठावर जॉन लेनन. नावाची वळणदार अक्षरं रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकाराची. पुढे ती अनेकदा घासूनपुसून घेतली गेली, पण वळण टिकलं. त्यानंतर २२ जानेवारी १९८१ चा अंक. ८ डिसेंबरला ॲनी लिबोविट्झ यांनी न्यूयॉर्कमधल्या घरी लेनन आणि योको ओनो यांचा फोटो काढला आणि काही तासांत लेननची हत्या झाली. तो फोटो मुखपृष्ठावर आला तेव्हा त्यावर एकही मथळा नव्हता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संघटनेने गेल्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याचीच निवड केली. तरुण डिझायनरांना या उदाहरणाचा फार मोह पडतो. पण तिथे मथळ्याची गरजच नव्हती: बातमी जगाला ठाऊक होती आणि मासिकाचं नाव तेरा वर्षं जुनं. तुमच्या पहिल्याच अंकाचं मुखपृष्ठ असं कोरं ठेवलंत तर लोक त्याला पोस्टर समजतील.

आतल्या पानांचं थोडक्यात सांगतो. अनुक्रमणिकेत नेहमीची सदरं वेगळी आणि या अंकातले खास लेख वेगळे. फोटोवरच पानाचा आकडा छापला की वाचक यादी न वाचताही पोचतो. मुख्य मुलाखत समोरासमोरच्या दोन पानांवर. एका पानभर फोटो, दुसऱ्यावर रकाने, प्रश्न ठळक, आणि मुलाखतीतलं एखादं झणझणीत वाक्य मोठ्या अक्षरांत मधोमध. ते वाक्य निवडणं हे संपादकाचं काम, डिझायनरवर सोडू नये. लोकप्रियतेची यादी हवीच. ब्रिटनमधली रेकॉर्डच्या खपावरची पहिली यादी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १४ नोव्हेंबर १९५२ ला छापली. पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना फोन करून कोणत्या रेकॉर्ड खपतात ते विचारलं आणि बारा क्रमांक लावले. एवढ्याशा खटाटोपातून वाचक दर आठवड्याला पुन्हा अंक घेईल असं सदर तयार झालं.

नियम मोडणाऱ्यांत डिझायनर डेव्हिड कार्सन यांचं नाव हटकून येतं. ‘रे गन’ या संगीत-मासिकात १९९४ साली गायक ब्रायन फेरीची मुलाखत त्यांना रटाळ वाटली, म्हणून त्यांनी ती चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली. एक अक्षर वाचता येईना. मात्र तीच मुलाखत त्याच अंकात मागे सरळ वाचनीय अक्षरांत दिलेली होती, हे गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात.

कॉलेजातली मंडळी संगीताचा अंक काढणार असतील तर एवढं करा. संगणक उघडण्याआधी, अंक कोण विकत घेणार ते एका वाक्यात लिहून काढा. मग मुखपृष्ठ खऱ्या आकारात छापून घ्या, ओळखीच्या स्टॉलवाल्याला विचारून इतर अंकांमध्ये ठेवा आणि रस्त्याच्या पलीकडून पाहा. नाव वाचता आलं नाही तर फोटो नव्हे, आधी नाव दुरुस्त करा. जाहिरातींच्या जागा पुढच्या लेखांकात.