रबराचा कप आणि ‘ब्रेक ऑइल’

इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. हौशी लोक या गाड्या आजही जपतात. क्लचचे पेडल दाबून धरले तरी क्लच हळूहळू पुन्हा जुळू लागतो आणि गिअर टाकताना करकर होते, ही अशा जुन्या गाडीची नेहमीची तक्रार. अनेकदा दोष असतो दोन लहानशा रबरी कपांचा.

या गाडीत पेडलचा जोर क्लचपर्यंत द्रव पोचवतो. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, तर क्लचजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचा सव्वा इंच असतो. व्यासांचे प्रमाण ३:५, म्हणून क्षेत्रफळांचे ९:२५. पास्कलच्या नियमानुसार दाब दोन्हीकडे सारखाच. म्हणून जोर सुमारे पावणेतीन पट होतो. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. पहिला दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला, तर दुसरा फक्त ९ मिलिमीटर सरकतो. १ मिलिलिटर द्रव निसटला, तर दुसऱ्या दट्ट्याची सुमारे सव्वा मिलिमीटर सरक कमी होते. एवढीशी गळती का बाधते, हे यावरून कळेल.

गळती थांबवण्याचे काम दट्ट्यावरचा रबरी कप करतो. त्याचे तोंड द्रवाकडे असते. दाब वाढला की कपाची कड सिलिंडरच्या भिंतीला अधिकच घट्ट बसते. कप उलटा बसवला तर हा फायदा जातो. कड झिजली किंवा रबर कडक झाले, की द्रव वाट काढतो.

मग नवा कप बसवला की झाले? तसे नाही. ब्रेक आणि क्लचचा नेहमीचा द्रव हवेतील पाणी शोषतो. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजून खडबडीत झाला असेल, तर नव्या कपाची कडही लवकरच कापली जाते. त्यामुळे कप काढल्यावर आधी भिंत तपासावी लागते. खड्डे दिसले तर सिलिंडरच बदलावा लागतो. जुनी रबरी नळीही सोबत बदलणे शहाणपणाचे. आतून फुगलेली नळी द्रव परत येऊ देत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा होतो नावामुळे. या द्रवाला गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण तो ग्लायकॉल गटातील संयुगांपासून बनतो. ते खनिज तेल नव्हे. त्याच्यासाठी बनवलेले रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. तेलाचे रेणू रबराच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात व त्यांना दूर सारतात. म्हणून नवे कप रॉकेलने धुऊ नयेत, टाकीत इंजिन ऑइल ओतू नये. क्लचमध्ये ही चूक झाली तर गाडी अडते. ब्रेकमध्ये झाली तर जिवावर बेतते.

हे वर्गात दाखवता येईल. एकसारखी दोन रबरबँड घ्या. एक पाण्यात व दुसरे थोड्या रॉकेलमध्ये, ज्योतीपासून दूर, झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन्हींची लांबी व जाडी मोजायला सांगा. मग विचारा: रॉकेलमधले रबर विरघळून का गेले नाही? उत्तर शोधताना मुले रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या गंधकाच्या बंधांपर्यंत पोचतील.