सेनानींचीं पत्रें कशीं ओळखावीं?

जुन्या सेनानींचीं सहीचीं पत्रें जमविण्याचा छंद अमेरिकेंत बराच आहे. तेथील स्वातंत्र्ययुद्ध 1775 सालीं सुरू झालें. त्यांतील सेनापति वॉशिंग्टन यांची सही असलेल्या पत्रास मोठी किंमत येते. मजकूर मात्र पुष्कळदां हॅमिल्टनसारख्या मदतनिसाच्या हातचा असतो.

आपल्याकडील जुन्या पत्रांवर तशी सही शोधूं गेल्यास बहुधा निराशाच पदरीं येईल. मजकूर कारकून मोडींत लिही. राजपत्राच्या माथां मुद्रा व शेवटीं मोर्तब उमटे. पत्र येथें संपलें, पुढें कोणीं अक्षर घालूं नये, हा मोर्तबाचा अर्थ. खासगी पत्र मायन्यावरून व अक्षरावरून ओळखावें लागतें.

दुसरी अडचण सालाची. पत्रावर महिना व चंद्र असतो, साल पुष्कळदां नसतें. तें शेजारच्या पत्रांतील हकीकतीवरून ठरवावें लागतें. मिरजेचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन सरदारांचें दप्तर असेंच चिकाटीनें लावून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापिला. म्हणून रुमालांतील एकच नामांकित पत्र काढून विकणारा मनुष्य मागें उरलेल्या पत्रांचीं सालेंच पुसून टाकतो.

आपल्या मेहकराकडील जुन्या वतनदार घरांतही असे रुमाल असण्याचा संभव आहे. मुलांनो, माळ्यावरील कागद रद्दींत जाण्यापूर्वीं वडील माणसांस विचारा. रुमाल सोडल्यास क्रम मोडूं नका, फाटल्या जागीं डिंक लावूं नका, आणि मोडी जाणणाऱ्यास तो अवश्य दाखवा.