प्राध्यापकांच्या नावाखालच्या तीन ओळी

महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नावाखाली तीन ओळी असतात: पात्रता, अध्यापनाचे विषय, संशोधनाचे विषय. भुसावळात मुलामुलींना कला शाखेत घालणारे पालक त्या बहुधा वाचत नाहीत. वाचाव्यात, कारण वर्गात काय शिकायला मिळणार हे तिथेच कळतं.

पहिली ओळ पात्रतेची. एम.ए.ला किमान 55 टक्के, राखीव प्रवर्गांना 50. मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट देशभराची, सेट महाराष्ट्र-गोव्याची, ती पुणे विद्यापीठ घेतं. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा विषयाचा 100 प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. सेटला राज्यशास्त्राचा पेपर मराठीतही असतो, आणि खान्देशातल्या खेड्यातून आलेल्या मुलीला हा केवढा आधार वाटतो ते तिलाच विचारावं. पदवीपुढे विद्यापीठाचं नाव असेल तर तेही बघा. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 साली सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुण्याला जोडलेली होती. 2018 पासून विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे.

दुसरी ओळ शिकवण्याची. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवावं लागतं. राज्यघटना, राजकीय विचारवंत, आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय सगळीकडे असतात. फरक पडतो तो उदाहरणांनी. संघराज्य शिकवायचं असेल तर माझ्या मते भुसावळ जंक्शनसारखी प्रयोगशाळा नाही. फलाटावर दोन गणवेश दिसतात. एक रेल्वे सुरक्षा बलाचा, दुसरा लोहमार्ग पोलिसांचा. रेल्वे हा संघसूचीतला विषय, म्हणून सुरक्षा बल केंद्राचं. पोलीस हा राज्यसूचीतला विषय, आणि त्या नोंदीत रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून लोहमार्ग पोलीस राज्याचे. प्रवाशाची बॅग चोरीला गेली तर गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस. स्टेशनाबाहेर रस्त्यावर पाऊल टाकलं की कचऱ्याची आणि नळाच्या पाण्याची तक्रार नगरपरिषदेकडे. शंभर पावलांत सत्तेचे तीन थर. रेल्वे कॉलनीतल्या मुलांनी हे गणवेश लहानपणापासून पाहिलेले असतात. या सूच्या ज्यात आहेत ती राज्यघटनेची सातवी अनुसूची त्यांना पाठ करावी लागत नाही, फक्त ओळखीची करून द्यावी लागते.

तिसरी ओळ सगळ्यात कमी वाचली जाते आणि मला तीच मोलाची वाटते. ‘स्थानिक स्वराज्य आणि महिलांचा सहभाग’ हा विषय अनेक ठिकाणी दिसतो. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली, तिने पंचायतीत महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. एवढं पुस्तकात मिळतं. संशोधन सुरू होतं ते ग्रामपंचायतीच्या कपाटातलं प्रोसिडिंग बुक, म्हणजे ग्रामसभांच्या इतिवृत्ताची वही, उघडल्यावर.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हा नियम कळला की वहीची पानं वेगळी दिसू लागतात. आधी ‘गणपूर्तीअभावी तहकूब’ अशी एक ओळ. पुढच्या पानावर ठरावांची रांग, ‘सर्वानुमते मंजूर’, आणि खाली सह्या-अंगठे. संशोधक ते मोजतो. बायकांचे किती? सूचक कोण, अनुमोदक कोण? तीच चार नावं वर्षभर फिरतात का? सरपंचताईंची सही सगळीकडे एकाच वळणाची आहे का? मग तो सभेची तारीख आणि वेळ बघतो, आणि गावात जाऊन विचारतो. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकरा वाजता सभा लावली, तर त्या वेळी बायका शेतात असतात.