सन्मान फुटबॉलचा, खर्च शहराचा

अटलांटाला मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले मराठी आई-वडील बहुधा एक दिवस सेंटेनियल ऑलिंपिक पार्कच्या परिसरात घालवतात. मत्स्यालय पाहून होते, कोका-कोलाचे संग्रहालय पाहून होते. तिथून चालत काही मिनिटांवर आणखी एक इमारत आहे, दर्शनी भाग लांबट चेंडूसारखा फुगीर. आत शिरताच 760 हून अधिक हेल्मेटची एक उंचच उंच भिंत लागते. प्रत्येक हेल्मेट एकेका महाविद्यालयाचे. आपण कोणत्या महाविद्यालयाचे हे तिकीट घेताना नोंदवले, की त्या भिंतीवरचे आपले हेल्मेट उजळते. हा अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा हॉल ऑफ फेम. फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट घालून आणि चेंडू हातात घेऊन खेळायचा.

हा हॉल अटलांटातच का, असे तिथल्या क्रीडाप्रेमींना विचारले तर आत्मविश्वासाने उत्तरे मिळतात. त्यातली बरीच चुकीची असतात, आणि चुकीच्या उत्तरांवर भरवसा ठेवून शहरांनी खरे पैसे खर्च केले आहेत. म्हणून ती तपासून पाहायला हवीत.

गैरसमज : खेळ जिथे जन्मला, तिथेच त्याचा हॉल शोभतो

तसे असते तर प्रश्न केव्हाच मिटला असता. महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावी झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला 6-4 असे हरवले. 1947 मध्ये या हॉलमागची संस्था, नॅशनल फुटबॉल फाउंडेशन, स्थापन झाली तेव्हा हॉलसाठी पहिली पसंती साहजिकच रटगर्सला मिळाली. जन्मस्थानाचा मान होता, विद्यापीठ होते, इच्छा होती. पुरेसा पैसा मात्र जमला नाही आणि तिथे इमारत कधीच उभी राहिली नाही.

उलट बाजूचे उदाहरण बेसबॉलचे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या खेड्यात 1839 मध्ये अ‍ॅबनर डबलडे यांनी बेसबॉल शोधला, असा निष्कर्ष 1907 मध्ये एका समितीने काढला. त्याचा मुख्य आधार एका वृद्धाची आठवण होती. प्रत्यक्षात 1839 साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत शिकत होते, आणि आपण बेसबॉल शोधला असा दावा त्यांनी स्वतः कधी केला नाही. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच मोडीत काढली. तरीही 1939 मध्ये कूपरस्टाउनला उघडलेला बेसबॉलचा हॉल आजही भरभराटीत आहे. गावाची वस्ती 2 हजारांच्याही आत आहे. शिवणयंत्राच्या सिंगर घराण्याच्या संपत्तीचे वारस स्टीफन क्लार्क तिथलेच. मंदीच्या काळात गावात पाहुणे यावेत म्हणून त्यांनी हा घाट घातला. म्हणजे खऱ्या जन्मस्थानी इमारत झाली नाही आणि कल्पित जन्मस्थानी ती टिकली. फरक पडला तो पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसामुळे आणि त्याच्या पैशामुळे.

गैरसमज : ही जागा सरकार किंवा महाविद्यालयांची संघटना ठरवते

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार एनसीएए ही संघटना पाहते, म्हणून हॉलही तिचाच असे अनेकांना वाटते. पण फुटबॉलचा हॉल नॅशनल फुटबॉल फाउंडेशन या ना-नफा संस्थेचा आहे. जागा तीच निवडते. शहरे प्रस्ताव घेऊन तिच्या दारी येतात: जमीन आम्ही देतो, इमारत आम्ही बांधतो, प्रायोजक आम्ही आणतो. बास्केटबॉलच्या महाविद्यालयीन हॉलमागे 1927 मध्ये स्थापन झालेली प्रशिक्षकांची संघटना आहे. तिचे कार्यालय कॅन्सस सिटीत, आणि 2007 मध्ये हॉल उघडला तोही कॅन्सस सिटीत, नव्या कोऱ्या क्रीडागाराच्या अंगाला लागून. बास्केटबॉल जन्मला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, 1891 मध्ये. तिथे सर्व स्तरांवरच्या बास्केटबॉलचा वेगळा हॉल आहे. बास्केटबॉल शोधणारे जेम्स नेस्मिथ मात्र 1898 पासून कॅन्सस विद्यापीठात शिकवत होते, कॅन्सस सिटीहून तासाभराच्याही आत पोहोचता येईल अशा लॉरेन्स गावी. नाळ कुठे ना कुठे जोडता येतेच. प्रत्येक शहराच्या प्रस्तावात अशी एक नाळ असते आणि ती खरीही असते, पण निर्णय तिच्यावर होत नाही.

गैरसमज : गर्दीच्या शेजारी हॉल बांधला, की गर्दी आत येते

रटगर्सचा बेत बारगळल्यावर 1978 मध्ये फुटबॉलचा हॉल अखेर ओहायोत उघडला, सिनसिनाटीजवळ, किंग्ज आयलंड या मोठ्या मनोरंजन उद्यानाच्या शेजारी. हिशेब सरळ वाटत होता. उन्हाळ्यात लाखो कुटुंबे तिथे येतातच, त्यातली काही इकडे वळतील. पण आकाशपाळणे आणि घसरगुंड्या यांसाठी आलेली मुले आई-बापांना जुन्या जर्सी आणि ट्रॉफी बघायला जाऊ देत नाहीत. दिवसभराचे तिकीट काढलेले कुटुंब अर्धा दिवस दुसरीकडे घालवत नाही. हॉलमध्ये वर्षाला जेमतेम 30 हजारांच्या आसपास माणसे येऊ लागली आणि 1992 मध्ये तो बंद झाला.

शेजारची गर्दी कोणत्या मनाने आली आहे, हे आधी पाहायला हवे होते. अधिवेशनासाठी हॉटेलात उतरलेला आणि संध्याकाळ मोकळी असलेला माणूस वेगळा, आणि पाळण्याच्या रांगेत उभा असलेला बाप वेगळा. अटलांटाने हे नीट ओळखले. तिथला हॉल भव्य अधिवेशन केंद्राला खेटून आहे. आत पूर्ण फुटबॉल-मैदान नसेल, पण 45 यार्डांचे छत असलेले मैदान आहे; त्यावर चेंडू फेकता-लाथाडता येतो आणि रात्री तेच मैदान कंपन्यांच्या मेजवान्यांना भाड्याने देता येते. माझ्या मते या खेळाच्या साऱ्या हॉलांमध्ये ही सर्वांत शहाणपणाची जागा आहे.

गैरसमज : जिथे लोकांना खेळाचे वेड आहे, तिथे हॉल चालणारच

हा सर्वांत गोड गैरसमज, आणि सर्वांत महागात पडलेला. त्याची किंमत मोजली ओहायोनंतर हॉल जिथे गेला त्या इंडियानातल्या साउथ बेंडने.

साउथ बेंडला लागून नोटर डेम विद्यापीठ आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याहून वजनदार नाव शोधून सापडणार नाही. न्यूट रॉकनी हे त्यांचे प्रशिक्षक हॉलच्या 1951 च्या पहिल्याच तुकडीत सन्मानित झाले, जिम थॉर्प आणि रेड ग्रेंज या दिग्गज खेळाडूंच्या पंक्तीत. शहराने पुढाकार घेतला, सार्वजनिक पैसा घातला आणि ऑगस्ट 1995 मध्ये शहराच्या मध्यभागी हॉल उघडला. मरगळलेल्या पेठेत यामुळे चैतन्य येईल ही आशा होती. वर्षाला दीड लाखाहून अधिक लोक येतील असा अंदाज बांधला होता. पहिल्या वर्षी सुमारे 1 लाख 15 हजार आले. पुढे आकडा 80 हजारांच्या आसपास स्थिरावला.

वेड कमी नव्हते. पण नोटर डेमचे घरचे सामने शरद ऋतूतल्या मोजक्या शनिवारी होतात. त्या दिवशी शहर ओसंडून वाहते, आणि आलेले लोक स्टेडियममध्ये असतात. वर्षाचे उरलेले दिवस काय? मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ, सुमारे 1 लाख वस्तीचे शहर, आणि शिकागोहून मुद्दाम गाडी काढून यावे लागण्याइतके अंतर. स्थानिक माणूस हॉल एकदा पाहतो, पाहुणे आले तर दुसऱ्यांदा. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी तिकीट कोण काढणार, या प्रश्नाला भक्तीतून उत्तर मिळत नाही.

याबद्दल साउथ बेंडच्या लोकांना हसणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांनी मनापासून आणि खिशातून दिले. चूक अंदाज करणाऱ्यांची होती. पर्यटकांचे आकडे मांडताना ते सामन्याच्या दिवसाची गर्दी मनात धरून बसले होते.

गैरसमज : इमारत बदलली, की सन्मानाचेही काहीतरी बिघडते

खेळाडूंची निवड आणि इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1951 पासून निवड सुरू झाली आणि 1978 पर्यंत, म्हणजे 27 वर्षे, इमारत नव्हतीच. तरी सन्मान खराच होता. सन्मानाची वार्षिक मेजवानीही हॉलमध्ये होत नसे. अनेक दशके ती न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात झाली, आणि 2021 मध्ये लास वेगासला गेली. निवड झालेल्या खेळाडूचे नाव यादीत असते. ती यादी कोणत्याही शहराच्या मालकीची नाही.

यजमान होऊ पाहणाऱ्या शहराने नेमकी हीच गोष्ट करारावर सही करण्यापूर्वी वाचायला हवी. नाव, यादी आणि वस्तू संस्थेच्या. भिंती, छप्पर, वीजबिल आणि पगार यजमानाचे. सप्टेंबर 2009 मध्ये फाउंडेशनने अटलांटाची निवड जाहीर केली. तिथले दार उघडायला ऑगस्ट 2014 उजाडला, कारण 6 कोटी 85 लाख डॉलरच्या त्या इमारतीसाठी आधी मोठे प्रायोजक जुळवावे लागले. त्यात अटलांटाचीच चिकन सँडविचवाली कंपनी चिक-फिल-ए होती. तीच तिथल्या पीच बोल या महाविद्यालयीन फुटबॉल सामन्याचीही प्रायोजक.

2012 च्या अखेरीस साउथ बेंडचा हॉल बंद झाला. जर्सी, चेंडू, ट्रॉफी आणि जुने चित्रपट खोक्यांत भरून जॉर्जियाला निघून गेले. इमारतीसमोर गावाने हौसेने केलेले कृत्रिम हिरवळीचे छोटे मैदान तेवढे जागच्या जागी राहिले.