ग्रॅच्युइटी : 'पॉलिसी' काय सांगते, कायदा काय सांगतो

राजीनामा देऊन शेवटचा हिशेब घ्यायला गेलेल्या माणसाला खासगी कंपनीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपल्या पॉलिसीत ग्रॅच्युइटी बसत नाही." एचआरवाला ते इतक्या सहज बोलतो, की समोरचा 'फुल अँड फायनल'वर सही करून मोकळा होतो. पॉलिसी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. मूळ कायदा 1972 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी बऱ्याच तरतुदी जवळपास तशाच पुढे आल्या आहेत. दुकान असो वा कार्यालय, वर्षभरात एखाद्या दिवशी जरी दहा माणसं कामावर असली, तरी तिथे कायदा लागू होतो. पुढे माणसं घटून सातवर आली, तरी त्यातून सुटका नाही.

"निवृत्त झालात तरच मिळते, राजीनामा दिला की गेली," हा त्याचाच जोडीदार समज. कायद्यात निवृत्तीच्या शेजारीच राजीनाम्याचा उल्लेख आहे.

हिशेब अवघड नाही. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता 26,000 रुपये आहे, असं धरू. त्याला 26 ने भागायचं आणि 15 ने गुणायचं, म्हणजे आले 15,000. ही एका वर्षाची रक्कम. नोकरी 7 वर्षं 8 महिने झाली असेल तर वर्षं 8 धरायची, कारण सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मानला जातो. हाती यायला हवेत 1,20,000. कंपन्या मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकीचं भत्त्यांत टाकत आल्या, ते उगाच नाही. नव्या व्याख्येनुसार ठरावीक भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो.

ऑफर लेटरमधल्या सीटीसीत ग्रॅच्युइटीची ओळ असते, मूळ पगाराच्या 4.81 टक्के. ती पाहून अनेकांना वाटतं, आपल्याच पगारातून दरमहा कापून हे पैसे साठवले जातात. पीएफसारखी कामगाराची वर्गणी इथे नसतेच. सगळा भार मालकाचा. सीटीसीचा आकडा फुगवायला ती ओळ कामी येते, एवढंच.

आता पाच वर्षांची अट. "चार वर्षं 240 दिवस भरले की झालं," असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. मद्रास उच्च न्यायालयाने 1996 मध्ये तसा निकाल दिला होता, हे खरं. पण कायद्यातले शब्द पाच वर्षांचेच आहेत. त्या एका निकालाच्या भरवशावर मी तरी कुणाला राजीनामा द्यायला सांगणार नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्यांना मात्र संहितेने पाच वर्षांतून सोडवलं आहे. त्यांना एक वर्ष पुरतं. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसारख्यांचं गणित आणखी वेगळं : दर हंगामाला सात दिवसांचं वेतन.

"नोटीस पिरियड भरला नाहीस, ग्रॅच्युइटी जप्त!" ही धमकी सर्रास दिली जाते. जप्तीची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत आणि त्यासाठी आधी त्या कारणावरून माणसाला कामावरून काढलेलं असावं लागतं. मालमत्तेचं नुकसान केलं, तर त्या नुकसानीपुरतीच रक्कम कापता येते. दंगा, हिंसक वर्तन किंवा कामाच्या ओघात केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल, तर थोडी किंवा पूर्ण. या शेवटच्या कारणाबाबत उलटा समजही आहे, की कोर्टात शिक्षा झाल्याशिवाय हात लावता येत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला. जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवणाऱ्याची पूर्ण जप्ती कायम राहिली. त्याच निकालात तिकिटाच्या पैशांत अफरातफर केलेले एसटीचे कंडक्टरही होते. रक्कम किरकोळ होती म्हणून त्यांची जप्ती 25 टक्क्यांवर आणली गेली.

कमाल मर्यादा 25 लाख झाल्याचं ऐकलं असेल. ती केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी, 1 जानेवारी 2024 पासून. खासगी नोकरीत कायद्याची मर्यादा 20 लाखच आहे. पैसे 30 दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला तर मालकाला व्याज भरावं लागतं. कंपनी टोलवाटोलवी करू लागली, तर कामगार विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तोवर तोंडी बोलण्यावर न राहता मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

नोकरीत असताना मृत्यू आला, तर पाच वर्षांची अट उरत नाही. दोन वर्षं झालेली असली तरी वारसांना रक्कम मिळते. त्यासाठी नॉमिनेशन वेळच्या वेळी बदललेलं हवं. कायद्याच्या अर्थाने कुटुंब नसताना कुणी भावाचं नाव दिलं असेल, तर लग्नानंतर ते नॉमिनेशन बाद होतं आणि नवा फॉर्म भरून द्यावा लागतो.